पाचव्या वर्षी पेटी? लहान मुलांचं संगीत आणि काही गैरसमज

कर्जत, खोपोलीकडे मुलाला गाण्याच्या क्लासला घालताना पालक हमखास विचारतात, ‘प्रारंभिक’च्या परीक्षेला कधी बसवायचं? पेटीसमोर बसल्याशिवाय संगीताचं शिक्षण सुरू होत नाही, अशी समजूत या प्रश्नामागे असते. खरं तर ते शिक्षण कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. गर्भातल्या बाळाला साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास ऐकू येऊ लागतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. त्यासाठी पोटावर स्पीकर ठेवायची काहीच गरज नाही.

‘तान्ह्याला काय कळतंय?’ पुष्कळ कळतं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ साली उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातले विषम मात्रांचे ताल ऐकवले. सहा महिन्यांच्या बाळांना त्या परक्या तालातली मोडतोडही लक्षात येत होती. वर्षाच्या बाळांचा कान मात्र मोठ्यांसारखा घरच्या तालापुरता झाला होता. पण दोन आठवडे घरी रोज थोडं ऐकवल्यावर ती बाळं पुन्हा सावरली, मोठी माणसं सावरली नाहीत. म्हणून भजनात आईच्या मांडीवर बसलेल्या पोराच्या कानावर केरवा पडतो तसा सात मात्रांचा रूपकही पडू द्यावा. लग्नातल्या डीजेच्या भिंतीजवळ मात्र त्याला नेऊ नये. तो आवाज कोवळ्या कानाला इजा करतो.

‘मोझार्ट ऐकवलं की मूल हुशार होतं’ ही समजूत अमेरिकेतून आली. १९९३ सालच्या ज्या प्रयोगावर ती उभी आहे, त्यात कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते, बाळ एकही नव्हतं. मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढले, पण ती वाढ दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. तरी १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला होता.

या समजुतीचंच आजचं रूप म्हणजे मोबाईलवर बडबडगीतं लावून दिली की झालं, हा समज. जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलक्यासारखं वाद्य वाजवायला दिलं. साथीला कधी माणूस होता, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकर. माणूस समोर असला की मुलं ठेक्याला अधिक नेमकी धरून राहिली. अडीच वर्षांचं मूलसुद्धा आपली सवयीची चाल सोडून समोरच्याच्या लयीकडे सरकलं. ठाकरवाडीत नाचाचा फेर धरतात तेव्हा पोरंही मागे लागतात, पावलं चुकतात, कुणी बाजूला बसवत नाही. लय अंगात मुरते ती अशी, माणसांबरोबर.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गाणी, गोष्टी, खेळ हे तिथलं शिक्षणच होतं. कर्जत-खालापूरच्या अंगणवाडीत ताईंनी टाळ्या वाजवत म्हटलेलं गाणं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. त्या वयाला तोच खरा अभ्यासक्रम आहे.

‘आमचा बेसूरच आहे’ हे वाक्य मात्र मुलासमोर कधीच बोलू नये. जन्मतः स्वरांचा फरक न कळणारी माणसं शेकड्यात एक ते चारच्या आसपास असतात. ऐकलेला स्वर गळ्यातून नेमका काढणं बहुतेक मुलांना पाच ते आठ या वर्षांत हळूहळू साधतं. तोवर गळा लहान असतो. पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा, एवढ्यात बालवाडीतलं मूल साधारण सुखाने गातं. त्याला मोठ्यांच्या पट्टीत अख्खं सप्तक गायला लावलं तर ते खाली पुटपुटतं आणि वर ओरडतं. त्याला आपण बेसूर म्हणतो, पण चूक पट्टीची असते. पाच स्वरांत बसणारी छोटी गाणी निवडावीत, अलंकार नंतर.

वाद्याचंही तसंच. चार वर्षांच्या हाताला पेटीच्या पट्ट्या लांब पडतात आणि तबल्यावर बोट सुटं पडत नाही. तोंडाने बोल म्हणणं मात्र त्याला सहज जमतं आणि आवडतं. आपल्याकडे बोल आधी तोंडी पाठ करायची रीत आहेच. हातावर टाळी-खाली देत केरव्याचे बोल म्हणणाऱ्या मुलाचा तबला सुरू झालेला आहे. सात-आठव्या वर्षी हात तयार झाला की वाद्य द्यावं, आणि परीक्षेचा विचार त्यानंतर.

पुढे तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो आणि ‘गळा गेला’ म्हणून अनेकांचं गाणं सुटतं. स्वरयंत्र वाढतं म्हणून आवाज उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण कमी. भजनी मंडळातल्या बुवांनी त्या काळात मुलाला वरच्या पट्टीत ताणायला लावू नये. पट्टी उतरवावी, थोडंच गाऊन घ्यावं आणि त्याला पखवाजाला किंवा टाळाला बसवावं, म्हणजे आवाज स्थिरावेपर्यंत तो मंडळात राहतो.