नाव घालण्याआधी सहा सेमिस्टरचा कागद

भंडारा जिल्ह्यात हाताला काम शिकलेल्या मुलाला दारं अगदीच बंद नाहीत. वरठीचा पोलाद कारखाना आहे, जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, गडेगावला अशोक लेलँड, चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी, तुमसरला राईस मिल. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा कुठेतरी लागतो. अडतं ते पुढे. सात-आठ वर्षं मशीनवर काढल्यावर सुपरवायझरची जागा निघते आणि अर्जात पहिलीच अट पदवीची असते.

आमच्या मोठ्याने घाईघाईत एका कॉलेजात नाव घातलं. त्याचा डिप्लोमा धरला जाईल असं आम्ही समजून चाललो, विचारलं कोणीच नाही. बसावं लागलं पहिल्या वर्षालाच. फीसाठी त्याच्या अम्मीने भिशी उचलली होती. म्हणून धाकट्याच्या वेळी आम्ही फॉर्मच्या आधी कोरा कागद घेतला.

यूजीसीने २०१४ मध्ये बी.व्होक. पदवी सुरू केली ती अशाच मुलांच्या सोयीची. मूळ आराखड्यात वर्षाला ६० क्रेडिट, त्यांपैकी ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. एका वर्षानंतर थांबावं लागलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. घरात अचानक आजारपण किंवा लग्न निघालं तरी केलेलं वाया जात नाही, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे आकडे बदलत आहेत. कॉलेजकडून चालू वर्षाचाच आराखडा मागून घ्यावा. आधीच्या शिक्षणाचं काय धरणार, तेही लेखी घ्यावं. तोंडी 'हो जाएगा' वर आमचं एक वर्ष गेलं आहे.

आमची मुलं अडखळतात ती त्या २४ मध्ये. वर्कशॉपचे पेपर हसत सुटतात. हिशेब, इंग्रजी, संख्याशास्त्र 'नंतर बघू' म्हणून मागे राहतात. पण संख्याशास्त्र कच्चं असेल तर क्वालिटी कंट्रोलचा पेपर डोक्यावरून जातो, आणि हिशेब न येणाऱ्याला कॉस्टिंग कसं कळणार? आम्ही हे विषय पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये टाकले, मॅनेजमेंटचे मधल्या, आणि प्रोजेक्ट शेवटी. तो कामावरच्याच एखाद्या अडचणीवर करायचा, म्हणजे साहेबाच्याही नजरेत येईल.

मग नाईट शिफ्टचे आठवडे लाल पेनाने रंगवले. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तोही तिन्ही वर्षांचा मांडला. त्या महिन्यात जड अभ्यास ठेवला नाही.

कागद कपाटाच्या दाराला चिकटवला तेव्हा दहावीतली मुलगी म्हणाली, "अब्बा, माझा कुठाय?" दुसऱ्या दिवशी आणखी एक कागद आणला.