टपावरचे दिवे आणि डोंगरावरचा धूर

मंडळी, गेल्या वेळी आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, हे न्यायदर्शनातलं नेहमीचं उदाहरण. आज तोच विचार आपण आंबेनळी घाटात नेऊ. पोलादपूर सोडलं की महाबळेश्वरकडे चढत जाणारा हा रस्ता. पावसाळ्यातली रात्र आहे, धुकं उतरलंय आणि समोरून दोन दिवे येताहेत. त्या दोन दिव्यांवरून आपल्याला नेमकं काय कळतं?

खरं सांगायचं तर फार थोडं. समजा, जीपचे हेडलाइट एकमेकांपासून 1.2 मीटरवर आहेत आणि ट्रकचे 2 मीटरवर. मग 60 मीटरवरची जीप आणि 100 मीटरवरचा ट्रक, दोघांचे दिवे आपल्या डोळ्याशी सारखाच कोन करतात. डोळ्याला मिळतो तो फक्त कोन. दिवसा आपण शेजारचं झाड, कठडा, माणूस यांच्याशी ताडून वाहनाचं माप काढतो. रात्री ताडायला काहीच उरत नाही. शिवाय ट्रकचा हौदा कुठपर्यंत आहे, किती उंच आहे, हे हेडलाइट सांगत नाहीत.

म्हणून रुंद वाहनाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर, शक्य तितके टोकाला आणि शक्य तितके उंच, छोटे दिवे लावतात. आपल्याकडच्या मानकानुसार 2.1 मीटरपेक्षा रुंद वाहनाला ते सक्तीचे आहेत: पुढे पांढरे, मागे लाल. युरोपातही मर्यादा तीच. अमेरिकेत ती 80 इंच, म्हणजे सुमारे 2.03 मीटर. तिथे पुढचे दिवे पिवळसर असतात, आणि टपाच्या मधोमध तीन दिव्यांची एक ओळ असते. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की येणारं वाहन मोठं आहे.

आता हे दिवे वरच का? एक म्हणजे, खालचे हेडलाइट आणि वरचे दोन दिवे मिळून अंधारात एक चौकट उभी राहते. दुसरं, चढ संपतो तिथे पलीकडून येणाऱ्या वाहनाचा टप आधी दिसतो, जसं समुद्रावर गलबताचं शीड आधी दिसतं. तिसरं, मध्ये एखादी कार असली तरी वरचे दिवे तिच्यावरून दिसतात, आणि रस्त्यावरचा चिखल तिथवर सहसा पोचत नाही.

ते मंद का असतात, हेही पाहण्यासारखं आहे. हेडलाइट आपल्याला दिसावं म्हणून असतो, हा दिवा आपण दिसावं म्हणून असतो. धुक्यात हेडलाइट अप्पर केला तर तोच उजेड धुक्यावर आदळून परत चालकाच्या डोळ्यांत येतो. टपावरच्या दिव्याने असं होत नाही. तो कुणाचे डोळे दिपवत नाही, नुसता आपला आकार सांगतो.

घाटात या सांगण्याला किंमत आहे. समजा रस्ता 5.5 मीटरचा आहे. 2.5 मीटरचे दोन ट्रक समोरासमोर आले तर उरतो अर्धा मीटर, आणि बाजूचे आरसे त्यातच. दोघंही ताशी 40 किलोमीटरने येत असतील तर मधलं 100 मीटर अंतर साडेचार सेकंदांत संपतं. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम आहे. पण थांबायला रुंद जागा गाठायची तर समोर काय येतंय ते आधी कळायला हवं. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी घेऊन निघालेली बस याच घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. ती घटना दिवसाची, दिव्यांशी तिचा संबंध नाही. पण इथे दरीची कड किती जवळ आहे, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

आता पुन्हा धुराकडे येऊ. धुरावरून अग्नी कळतो, कारण अग्नीवाचून धूर असत नाही. या अतूट संबंधाला आपण व्याप्ती म्हणतो. टपावरच्या दिव्यांची व्याप्ती मात्र निसर्गाने बांधलेली नाही, ती माणसांनी नियमाने बांधली आहे, त्यामुळे माणसांना ती मोडताही येते. हौसेने पुढच्या बाजूला लाल पट्ट्या लावल्या, लहान गाडीच्या टपावर दिव्यांची माळ चढवली, की खूण आहे पण खुणेमागची वस्तू नाही, अशी अवस्था होते. नैयायिक अशा खुणेला सव्यभिचार हेतू म्हणतात. उलट, ट्रकच्या एका टोकाचा दिवा गेला की वस्तू आहे पण खूण नाही, आणि ट्रक आहे त्याहून अरुंद वाटतो. तर्कशास्त्राच्या परीक्षेत अशा चुकीला गुण कमी मिळतात. घाटात तिची शिक्षा समोरून येणाऱ्या, काहीही चूक नसलेल्या माणसाला होते.

म्हणून घाट चढण्यापूर्वी क्लीनरने फडकं घेऊन ते दोन दिवे पुसले, पेटतात का ते पाहिलं, तर त्याला आम्ही तत्त्वज्ञानाचंच काम म्हणू. कधीही न भेटणाऱ्या माणसाचं अनुमान खरं ठरावं, याची ती काळजी आहे.