हृदयाचा ठोका वारंवार चुकतोय? उपचार कसे ठरतात?

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले असो वा जामखेड, दवाखान्यात काढलेला साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी चुकणारा ठोका त्यातून निसटू शकतो. म्हणून डॉक्टर २४ तासांचं होल्टर मशीन लावतात.

हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडधडतं. त्यातले थोडे ठोके चुकले, तर तंबाखू-दारू सोडणं, पुरेशी झोप एवढंही पुरतं. त्रास जास्त असेल तर बीटा ब्लॉकर गोळ्या देतात.

खालच्या कप्प्यातले असे ठोके १० टक्क्यांच्या वर गेले, तर हृदय कमकुवत होऊ शकतं. त्यासाठी टू-डी इको करतात. गोळ्यांनी भागलं नाही, तर मांडीतल्या शिरेतून तार नेऊन बिघडलेली जागा निकामी करतात. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात.

शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर लगेच १०८ ला फोन करा.