वर्तणूक : चांगली

माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी निरोपसमारंभाच्या दिवशी आठवणींची जी भाषा येते, ती बहुतांशी मागील तुकडीकडून वारसाहक्काने आलेली असते. संस्कारांची शिदोरी, ज्ञानाचे मंदिर, घरट्यातून उडणारी पाखरे इत्यादी शब्द वहीच्या पानावरून वाचले जातात, पुढच्या रांगेतील मुली डोळे पुसतात, आणि एखादे घड्याळ, पंखा वा कपाट, त्यावर तुकडीचे साल रंगवून, मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केले जाते. या समारंभाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही; आमच्या कार्यालयातील निम्मे सामान अशा सप्रेम भेटींतूनच जमलेले आहे, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या घड्याळांपैकी एक तरी बिनचूक वेळ दाखवते. परंतु समारंभ परीक्षेच्या तोंडावर होतो, आणि परीक्षा उशाशी असलेल्या माणसाला मागे वळून पाहण्याची फुरसत नसते. ती मिळते निकालानंतर, उन्हाळ्याच्या अखेरीस, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी कार्यालयाच्या खिडकीपुढे रांग लागते तेव्हा. आणि त्या वेळी कोणाच्या हातात वही नसते.

सातारा जिल्ह्यातील ज्या बाजारपेठेच्या गावी मी अनेक वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, तेथील शाळेचे लेखनिक या सुमारास मला आवर्जून बोलावणे पाठवतात. काम साधे, पण एकट्याने उरकण्यासारखे नाही. दाखला आता संगणकावर तयार होऊन छापून निघतो. तथापि त्यातील मजकूर जनरल रजिस्टरबरहुकूम आहे की नाही हे पाहण्यासाठी एकाने रजिस्टरातील ओळ मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने दाखल्यावर बोट फिरवीत ती ऐकावी, असा ताळा घ्यावा लागतो, आणि शिक्षकी पेशात आवाज कमावलेला असल्यामुळे वाचण्याचे काम ओघानेच माझ्याकडे येते.

शाळेच्या दप्तरातील बाकीचे कागद मुदत सरली की रद्दीत काढता येतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जतन करावे लागते. आमच्याकडील जुने खंड जाड पुठ्ठ्याचे आणि कापडी पाठीचे असून उघडले की अर्धे टेबल व्यापतात. डाव्या पानाच्या कडेला सुरू झालेली ओळ उजव्या पानाच्या कडेला संपते, आणि एका मुलाचा शाळेतील सगळा काळ त्या एका ओळीत बसवलेला असतो. क्रमांक, संपूर्ण नाव, आईचे नाव, राष्ट्रीयत्व, मातृभाषा, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, इतका तपशील मूल दाखल होते त्या दिवशीच लिहिला जातो. मग कित्येक वर्षे ती ओळ अर्धवट पडून राहते, आणि मूल निघाले म्हणजे प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण व शेरा हे उरलेले रकाने भरून पुरी केली जाते. खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायचीच झाली तर ती आधाराचा कागद जोडून आणि मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. आणि तीही मूल शाळेच्या पटावर आहे तोवरच सुलभ, कारण एकदा दाखला हाती पडल्यावर नावातील एक वेलांटी फिरवायची म्हटली तरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीपर्यंत पायपीट ठरलेली. म्हणून बोर्डाचे अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या नोंदीची प्रत वाचून सही करण्यासाठी घरी दिली जाते. आणि ती न वाचता सही करण्याची परंपरा आमच्या गावी तरी अबाधित आहे.

मी वाचत असतो आणि खिडकीच्या गजांपलीकडे ज्याची ओळ असेल तो ऐकत असतो. वर्गात ज्याला सगळे टोपणनावाने हाका मारतात, त्याचे आडनावापासून आईच्या नावापर्यंतचे संपूर्ण नाव असे उच्चारले गेले की मागची पोरे हसतात आणि तो स्वतः एकाएकी ताठ उभा राहतो. एका मुलीने तारीख अक्षरांत ऐकून घेतली आणि ‘एकोणतीस म्हणजे ट्वेंटी-नाइनच ना, सर?’ अशी खातरजमा करून घेतली. मराठी माध्यमात दहावी झालेल्या मुलीने हे विचारावे याचे लेखनिकांना वाईट वाटले, मला तिच्या सावधपणाचे कौतुक वाटले.

२०२५ साली दहावी झालेल्या तुकडीची पाने वाचताना ध्यानात आलेली एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. ही मुले जून २०१९ मध्ये पाचवीत दाखल झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पाचवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. सहावीचे वर्ष, मधले काही आठवडे वगळता, घरीच सरले आणि एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सर्वांना परीक्षेवाचून वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले तेव्हा ती सातवीत होती आणि पाचवीत शिवलेला गणवेश कोणालाच होत नव्हता. रजिस्टरात यांपैकी एक अक्षर नाही. या तुकडीच्या ओळी आणि दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीच्या ओळी शेजारी ठेवल्या, तर तारखा सोडता त्यांत तिळमात्र भेद आढळत नाही. अशा गोष्टीसाठी रकानाच नाही, आणि रजिस्टर रकान्याबाहेर बोलत नाही.

रांगेत मात्र दुसरे बोलणे नव्हते. ‘आपली सहावी झालीच न्हाय की,’ असे एकाने म्हणताच चौघेजण त्याच्यावर तुटून पडले. एक जण म्हणाला, घरात मोबाईल एक आणि शिकणारी भावंडे दोन, त्यामुळे त्याने सहावीचे गणित दिवसाआड ऐकले, आणि जे राहिले ते आजतागायत राहिलेलेच आहे. दुसऱ्याच्या वस्तीवर रेंज केवळ पाण्याच्या टाकीवर मिळे. तेथे बसून त्याने विज्ञान ऐकले आणि खाली आई म्हशीची धार काढताना तेच पाठ ऐकत असे, इतके की प्रकाशसंश्लेषण हा शब्द त्याच्या आधी तिला पाठ झाला. एका मुलीला त्या काळातले आठवत होते ते फक्त बाईंचे ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य, आणि तिने ते अशा हुबेहूब स्वरात म्हणून दाखवले की आतल्या खोलीतून त्या बाईच बाहेर आल्या. पुढची तीन वर्षे, म्हणजे जी सलग आणि पूर्ण पार पडली ती, या बोलण्यात जवळजवळ आलीच नाहीत. स्नेहसंमेलन झाले, सहल झाली, विज्ञानप्रदर्शन झाले. ते सर्व एका वाक्यात आटोपून मुले पुन्हा त्या न झालेल्या वर्षाकडे वळत होती.

वर्तणुकीच्या रकान्याविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. त्यात प्रत्येकाच्या पुढे ‘चांगली’ असा एकच शब्द असतो. ज्याने दिवाळीच्या सुट्टीनंतर उरलेला सुतळी बॉम्ब मुतारीत लावून दोन वर्गांचा तास मोडला, त्याची वर्तणूक चांगली. आणि जिचा आवाज पाच वर्षांत हजेरीपलीकडे कोणी ऐकला नाही, तिचीही चांगली. बॉम्बवाल्याची ओळ मी वाचली तेव्हा त्या चिरंजीवांनी गजांतून डोके आत घालून ‘सर, हा माझाच दाखला ना?’ असे विचारले, आणि लेखनिकांनी मान वर न करता ‘तुझाच. सांभाळून ठेव,’ असे उत्तर दिले. काही शिक्षकांना हा सरसकटपणा खटकतो; जेथे सर्वांना एकच शेरा तेथे शेऱ्याला मोल काय, असा त्यांचा युक्तिवाद असतो आणि तर्कदृष्ट्या तो बिनतोड आहे. मला तो पटत नाही. हा कागद पुढे महाविद्यालयात, नोकरीत, पासपोर्टाच्या कचेरीत, ज्यांनी त्या मुलाला कधी पाहिले नाही अशा माणसांपुढे ठेवला जाणार असतो. चौदाव्या वर्षीचा एक उपद्व्याप तेथवर त्याचा पाठलाग करू शकेल इतकी सत्ता शाळेच्या हाती असते, आणि ती सत्ता शाळा दर वर्षी, प्रत्येक ओळीवर, न वापरता सोडून देते. शिक्षा व्हायची ती त्याच आठवड्यात होऊन गेलेली असते. छडीच्या काळातही हा रकाना असाच भरला जात होता, हे जुन्या खंडांत पाहून मला त्या काळच्या मुख्याध्यापकांविषयी आदर वाटला.

जुना खंड उघडण्याचे निमित्तही त्याच दिवशी घडले. रांगेच्या कडेने एक पासष्टी ओलांडलेले गृहस्थ आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत कागद. मुलांनी त्यांना ‘आजोबा, या पुढं’ म्हणून वाट दिली. नातवाच्या जातपडताळणीसाठी त्यांना स्वतःच्या नोंदीचा उतारा हवा होता. मॅट्रिक अकरावीवरून दहावीवर आली त्या १९७५ सालच्या पहिल्या तुकडीतले ते. लेखनिकांनी कपाटाच्या तळातून खंड काढला, धूळ झटकली, आणि पाने उलटता उलटता जन्मतारखेच्या रकान्यावर मुलांची नजर गेली. एक जून, एक जून, पुन्हा एक जून. ‘सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी?’ असे मुलांनी विचारले, तेव्हा गृहस्थ मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, ‘आमच्या आईला म्हैस कधी व्याली ते ठाऊक, मी कधी जन्मलो ते न्हाय. मास्तरांनी तोंड बघितलं, हात डोक्यावरनं कानाला लावायला सांगितला, आणि लिहिली तारीख.’ जूनमध्ये शाळा सुरू होणार, प्रवेशास वय पुरे भरले पाहिजे, म्हणून १ जून. अशा रीतीने महाराष्ट्रातील कितीतरी माणसे एकाच दिवशी जन्मली आणि एकाच दिवशी सेवानिवृत्त झाली.

ओळ सापडली, अक्षरही सुवाच्य होते, तरी लेखनिकांनी मान हलवली. इतर मागासवर्गाच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदीला वजन. आणि हे गृहस्थ पाचवीत आमच्याकडे दाखल झाले ते १९६९ च्या जूनमध्ये. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग लेखनिकांनी बोट एक रकाना मागे नेले: पूर्वीची शाळा. जो रकाना मी एरवी घाईघाईने वाचून पुढे जातो, त्यात त्यांच्या वाडीच्या प्राथमिक शाळेचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. ‘पहिलीत पासष्ट साली बसला असाल. तिथल्या रजिस्टरात तुमची नोंद असणार, आणि ती सदुसष्टच्या आधीची. उद्या सकाळी जा, गुरुजींना आमचा उतारा दाखवा, म्हणजे त्यांना साल शोधत बसायला नको.’ गृहस्थांनी वाडीचे नाव दोनदा म्हणून पाहिले, शाळा अजून चालू आहे का याची चौकशी केली, आणि पटावर फार मुले उरली नसली तरी चालू आहे असे कळल्यावर उताऱ्याचा अर्ज तेथेच, मुलांपैकी एकाच्या पाठीवर कागद ठेवून, लिहून दिला.

याचा परिणाम असा झाला की रांग जागच्या जागी थांबली. ज्यांना दाखले मिळाले होते ते पायरीवरून परत फिरले. प्रत्येकाला आपली ओळ आता स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची होती, आणि विशेषतः पूर्वीची शाळा. गज ओलांडून बोटे आत आली. ‘माझ्यात वस्तीशाळा लिहिलंय, ती तर बंद झाली, चालंल का?’ ‘जन्मस्थळात मामाचं गाव आहे, बरोबर आहे का ते?’ वस्तीशाळेचे दप्तर जेथे वर्ग झाले त्या शाळेचे नाव लेखनिकांनी एका चिठ्ठीवर लिहून दिले, मामाचे गाव बरोबर असल्याचा निर्वाळा दिला, आणि जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी खिडकी मिटता येईना. चूक एकाच्याही दाखल्यात निघाली नाही. ‘बोर्डाच्या अर्जाआधी प्रती वाटल्या होत्या,’ लेखनिक मला म्हणाले, ‘तेव्हा हीच मंडळी सही करून क्रिकेटला गेली होती!’