ल्युकेमिया क्युटिस

ल्युकेमिया क्युटिस म्हणजे रक्ताच्या कर्करोगातील विकृत पांढऱ्या पेशी त्वचेत शिरून साठल्यामुळे उद्भवणारा त्वचाविकार होय. दीर्घकालीन रक्तकर्करोगांत तो क्वचितच आढळतो.

लक्षणे

त्वचेवर तांबूस, जांभळट किंवा तपकिरी पुटकुळ्या, गाठी अथवा जाड चट्टे उठतात. ते बहुधा दुखत वा खाजत नाहीत. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियामध्ये नागीण बरी झालेल्या जागीही अशा पेशी साठू शकतात.

निदान

केवळ पाहून निदान होत नाही. रक्तकर्करोगाच्या रुग्णास जंतुसंसर्गाने किंवा औषधांच्या प्रतिक्रियेनेही पुरळ येते; काहींना कीटक न चावताही कीटकदंशासारखे फोड येतात. त्यामुळे त्वचेचा लहान तुकडा काढून (बायॉप्सी) त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून त्यांचा प्रकार ओळखला जातो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या बी-पेशींवर सामान्यतः सीडी५, सीडी२० व सीडी२३ ही प्रथिने एकत्र आढळतात. जोडीला रक्ताची आणि आवश्यकतेनुसार अस्थिमज्जेची तपासणी करतात.

महत्त्व

मूळ रोगानुसार या लक्षणाचा अर्थ बदलतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियामध्ये ते बहुधा रोग तीव्र अवस्थेत गेल्याचे सूचित करते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियामध्ये मात्र केवळ त्यावरून रोग बळावला असे मानले जात नाही. तथापि बायॉप्सीत मोठ्या आकाराच्या पेशी आढळल्यास आक्रमक लिम्फोमात रूपांतर (रिश्टर रूपांतर) झाले आहे का, हे तपासावे लागते. क्वचित रक्तात दोष दिसण्यापूर्वीच त्वचेवर लक्षणे उमटतात. उपचार मुख्यतः मूळ रक्तकर्करोगावर केले जातात.