शेवटची चढण कुणाची?

दोन्ही हातांत भाजीच्या भरलेल्या पिशव्या आहेत, लिफ्ट बंद आहे आणि घर चौथ्या मजल्यावर आहे. अशा वेळी आपण काय करतो? पहिला मजला तावातावाने चढून जातो. दुसऱ्यावरही विशेष काही वाटत नाही. तिसऱ्याच्या वळणावर मात्र पाय जड होतात, छाती धपापू लागते आणि आपण पिशव्या खाली टेकवून कठड्याला धरून उभ्या राहतो. तेवढ्यात मागून शेजारच्या वहिनी तितकंच ओझं घेऊन संथपणे येतात आणि ‘जाते हं पुढे’ म्हणून चौथा मजला गाठतातही!

त्या काही आपल्यापेक्षा ताकदवान नसतात. त्यांनी जिन्याचा हिशेब आधी केलेला असतो, इतकंच.

हा जिन्याचा हिशेब ज्या शर्यतीत सबंध जगासमोर मांडला जातो, तिची आज ओळख करून घेऊ या. शर्यत आहे सायकलची, देश आहे बेल्जियम आणि शर्यतीचं नाव ‘फ्लेश वालोन’, म्हणजे ‘वालोनियाचा बाण’. वालोनिया हा बेल्जियमचा फ्रेंच बोलणारा दक्षिण भाग. पुरुषांची ही शर्यत १९३६ साली सुरू झाली. बायकांना मात्र त्यासाठी १९९८ पर्यंत थांबावं लागलं. तब्बल बासष्ट वर्षं! आता दोन्ही शर्यती एकाच दिवशी होतात आणि दोन्हींचा शेवट होतो तो एकाच चढणीवर.

देवळाची वाट

म्यूझ नदीच्या काठी उई नावाचं एक लहानसं गाव आहे. गावातून एक अरुंद रस्ता टेकडीवरच्या मेरीमातेच्या देवळाकडे जातो. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर छोटी प्रार्थनामंदिरं आहेत, म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘मंदिरांची वाट’. आपल्याकडे गडावरच्या देवाला जाताना पायऱ्यांच्या कडेने दीपमाळा लागतात ना, तसंच काहीसं. सायकलवाले मात्र या रस्त्याला ‘उईची भिंत’ म्हणतात.

भिंत का म्हणतात, ते आकड्यांवरून कळेल. रस्ता आहे जेमतेम १.३ किलोमीटरचा. पण शंभर मीटर पुढे गेलं की सरासरी साडेनऊ मीटर वर चढावं लागतं. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत सव्वाशे मीटर, चाळीस मजली इमारतच म्हणा! त्यातही चढ सगळीकडे सारखा नाही. सुरुवात सोसण्यासारखी असते, मध्यावरच्या नागमोडी वळणावर चढ एकदम उभा होतो आणि माथ्याजवळ थोडा सैल पडतो.

आणि हे सगळं सव्वाशे-दीडशे किलोमीटर सायकल मारून झाल्यावर! बहुतेक वर्षी बायकांना ही भिंत एकाच दिवसात दोनदा चढावी लागते. पहिल्यांदा चढतात ती फक्त शर्यत चालू ठेवण्यासाठी, दुसऱ्यांदा जिंकण्यासाठी.

रस्ताच निवडतो मानकरी

तुम्ही म्हणाल, जी सर्वांत जोरात सायकल चालवते ती जिंकते, त्यात रस्त्याचा काय संबंध? पण खरी गंमत तिथेच आहे.

सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मोठा शत्रू म्हणजे वारा. म्हणून सगळ्याजणी एकमेकींच्या पाठीमागे, आडोशाला राहतात. पुढची वारा कापते, मागचीची शक्ती वाचते. भिंतीवर वेगच इतका कमी होतो की आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही. तिथे शत्रू म्हणजे आपलंच वजन. मग सपाटीवर शेवटी मुसंडी मारून जिंकणाऱ्या भरदार मुली इथे मागे पडतात. आल्प्ससारख्या डोंगरात तास तास चढणाऱ्या काटक मुलींनाही ही चढण पुरत नाही, कारण त्यांचा दम कसाला लागायच्या आत ती संपते. इथे लागते ती हलक्या अंगाची, तीन-चार मिनिटं सारं काही पणाला लावू शकणारी आणि तरीही डोकं थंड ठेवणारी बाई.

याचा उत्तम दाखला म्हणजे आनेमीक फान फ्लूटन. ही नेदरलँड्सची विलक्षण सायकलपटू. २०१९ ची जागतिक विजेती झाली ती शंभराहून अधिक किलोमीटर एकटीने पुढे राहून! पण उईची भिंत तिला कधीच वश झाली नाही. २०२२ साली ती भिंतीवर जोर करून पुढे निघाली, इटलीची मार्ता काव्हाली तेवढी तिच्या मागे चिकटून राहिली. काव्हालीने घाई केली नाही. फान फ्लूटनचा जोर ओसरू लागला तशी अगदी माथ्याजवळ ती बाजूने पुढे सरकली आणि जिंकली. निवृत्तीपर्यंत फान फ्लूटनला ही शर्यत जिंकता आली नाही.

ती तारीख होती २० एप्रिल, वार बुधवार. अवघ्या चार दिवसांनी, रविवारी, त्याच मुलखात ‘लिएज-बास्तोन्य-लिएज’ ही दुसरी डोंगराळ शर्यत झाली. तिथली शेवटची मोठी चढण संपली की बरंच अंतर उतार आणि सपाटी लागते. म्हणजे चढणीवर मिळवलेली आघाडी पुढे एकटीने टिकवावी लागते. हेच तर फान फ्लूटनचं काम! ती चढणीवर निसटली आणि एकटीच शहरात पोचली. बाई तीच, सायकल तीच, आठवडाही तोच. फक्त रस्ता बदलला आणि हरणारी जिंकली.

आपल्याकडची मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवून पाहा. तिच्यात बोरघाट येतो मध्येच. घाटात पहिल्या येणाऱ्याचा ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान होतो, पण पुढे पुण्यापर्यंतचा सपाट रस्ता उरतोच. म्हणून घाटाचा राजा हाच शर्यतीचाही राजा होईल, असं नाही. उईला मात्र घाटमाथा आणि शेवटची रेघ एकच!

सगळ्या जणी थांबतात कशासाठी?

शेवट असा ठरलेला असला की आधीच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांनाही त्याचा रंग चढतो. जिच्या संघात भिंतीवर जिंकू शकणारी कुणी आहे, तो संघ लवकर पळून गेलेल्यांना परत गाठण्यासाठी झटतो. ज्यांच्याकडे तशी कुणी नाही, त्यांना मात्र भिंतीच्या आधीच काहीतरी करावं लागतं. २०१५ साली संयोजकांनी शेवटापासून जेमतेम सहा किलोमीटरवर शेरावची आणखी एक खडी चढण घातली ती याचसाठी, की थोडी उलथापालथ व्हावी. उलथापालथ झालीही, पण निकाल बहुधा भिंतच लावते.

शेरावचा उतार संपला की भिंतीच्या पायथ्याशी पोचण्याची एकच धांदल उडते. रस्ता अरुंद, वळणं अवघड. पायथ्याला जी तिसाव्या क्रमांकावर राहिली, तिला वर चढताना आधी एकोणतीस जणींना वळसा घालावा लागणार. म्हणून इथे कामाला येतात त्या सहकारी. आपल्या मुख्य सायकलपटूला वाऱ्यापासून सांभाळत त्या पायथ्यापर्यंत पुढे आणून सोडतात आणि मग स्वतः मागे पडतात. लग्नघरात रात्रभर राबलेल्या काकू-मावश्या फोटोत कुठे दिसतात? तसंच आहे हे.

सात वर्षांची राणी

या भिंतीचा हिशेब ज्या बाईने पुरता ओळखला, तिचं नाव आना फान डेर ब्रेखन. २०१५ ते २०२१ अशी सलग सात वर्षं तिने ही शर्यत जिंकली! तिच्या आधी मारियाने फोसने पाच वेळा जिंकली होती. पुरुषांत स्पेनच्या आलेहान्द्रो व्हाल्व्हेर्देचाही उच्चांक पाचचाच. फान डेर ब्रेखनची रीत साधी होती. पायथ्याला पुढे राहायचं, उभ्या वळणावर बिचकून जोर वाया घालवायचा नाही, एका लयीत चढत राहायचं. बाकीच्या एकेक करून गळत आणि उरलेला जोर ती शेवटच्या दोनशे मीटरांत काढी.

नेदरलँड्स हा सपाट देश म्हणून प्रसिद्ध. पण १९९८ ते २०२५ या २८ शर्यतींपैकी १४ तिथल्याच मुलींनी जिंकल्या. २०२३ ला डेमी फोलरिंग जिंकली, तिची प्रशिक्षक होती निवृत्त झालेली फान डेर ब्रेखनच. २०२५ ला पक पीटर्स जिंकली, तीही नेदरलँड्सचीच.

पण मनाला भिडते ती पोलंडच्या कासिया न्येव्यादोमाची गोष्ट. २०१७ साली ती इथे तिसरी आली. २०२१ साली भिंतीवर अगदी वरपर्यंत लढली आणि फान डेर ब्रेखनच्या मागे दुसरी आली. मोठ्या शर्यतींत ‘नेहमी जवळ, पण जिंकत नाही’ असा शिक्का तिच्यावर बसला होता. रस्त्यावरच्या शर्यतीत पाच वर्षं विजय नव्हता. २०२४ च्या गारठ्यात, पावसापाण्यात ती पुन्हा त्याच पायथ्याशी आली. या वेळी तिचा जोर माथ्यापर्यंत पुरला. फोलरिंग दुसरी आली. त्याच ऑगस्टमध्ये न्येव्यादोमाने फ्रान्सची महिलांची मोठी शर्यत, ‘तूर द फ्रान्स’, जिंकली. तीही फोलरिंगपेक्षा अवघ्या चार सेकंदांनी पुढे राहून.

शर्यत पाहताना

पुढच्या एप्रिलमध्ये टीव्हीवर किंवा मुलाच्या मोबाइलवर ही शर्यत दिसली, तर एवढं लक्षात ठेवा:

– शेराव चढताना कुणाच्या किती सहकारी शिल्लक आहेत, ते मोजा.
– भिंतीच्या पायथ्याला पहिल्या दहांत कोण आहे, ते पाहा. विजेती बहुधा त्यांतलीच निघते.
– नागमोडी वळणावर जी सर्वांत आधी उसळून पुढे जाईल तिच्यासाठी टाळ्या वाजवा, पण पैज मात्र तिच्यावर लावू नका.
– तिच्या मागे तोंड मिटून, खांदे न हलवता चढणारी कुणी दिसते का, ते शोधा.

आणि हो, पुढच्या वेळी लिफ्ट बंद असली, तर पहिला मजला जरा सावकाशच चढा. चौथ्या मजल्यावर दार उघडायला हातात दम उरला पाहिजे ना!