एक कोटी तुकड्यांचा देश

रवांडा हा 26,338 चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान देश. डोंगरउतारांवर शेती, आणि बहुतेक शेतकरी कुटुंबांची सगळी जमीन मिळून एक हेक्टरसुद्धा भरत नाही. तीही दोन-चार ठिकाणी विखुरलेली. या देशाने 2013 पर्यंतच्या चार-पाच वर्षांत आपली जमीन तुकडा न् तुकडा नोंदवून संगणकात आणली. तुकडे निघाले एक कोटीच्या वर. 2012 च्या जनगणनेत लोकसंख्या होती सुमारे एक कोटी पाच लाख, म्हणजे माणशी जवळपास एक तुकडा.

आफ्रिकेत माहिती तंत्रज्ञानाने काय साधले, असा विषय निघाला की केनियातल्या मोबाइलवरच्या पैशांचे नाव येते. रवांडाचे नाव आलेच तर रक्ताच्या पिशव्या पोचवणाऱ्या ड्रोनसाठी येते. मला या नोंदवहीचे काम अधिक मोलाचे वाटते, कारण ते प्रत्येक वाडीवस्तीवर, प्रत्येक बांधावर जाऊन झाले.

जमिनीचा प्रश्न तिथे जिवावर बेतणारा होता. 1959 पासूनच्या हिंसाचारात तुत्सी या अल्पसंख्य समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने परागंदा झाली आणि त्यांच्या शेतांवर दुसरी कुटुंबे राबू लागली. 1994 च्या वंशसंहारात आठ ते दहा लाख माणसे मारली गेली. त्यानंतर जुने निर्वासित परतले आणि 1994 मध्ये पळालेलेही दोन वर्षांनी परतले. एकाच शेताला दोन-दोन धनी, आणि दोघांचीही बाजू अगदीच खोटी नाही. दहा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलेल्यांनी जुन्या जमिनीवर दावा सांगू नये, असे सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या 1993 च्या अरुशा शांतता करारात ठरले होते. तरी पूर्वेकडच्या भागात अनेक शेते सरळ निम्मी वाटून देण्यात आली. हे सगळे तोंडी चालले होते. आपल्याकडे सातबारावर कितीही वाद असले तरी भांडायला सातबारा तरी असतो. रवांडाच्या खेड्यात शेजाऱ्याची साक्ष हाच दाखला होता, आणि वंशसंहारात अनेक साक्षीदारच उरले नव्हते.

2005 मध्ये जमीन नोंदवणे सक्तीचे करणारा कायदा झाला. 2007-08 मध्ये चार ठिकाणी प्रयोग करून पाहिला. एकेका शेताची काटेकोर यंत्रमोजणी करायची म्हटले तर कित्येक दशके गेली असती आणि खर्चही झेपला नसता. म्हणून वेगळी वाट निवडली. 2008-09 मध्ये विमानातून जवळपास सगळ्या देशाची छायाचित्रे घेतली. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 25 सेंटीमीटर. त्यात बांध, केळीच्या बागा, पायवाटा ओळखू येत. ही चित्रे मोठ्या कागदावर छापून गावोगाव पाठवली.

पुढचे काम गावातल्याच तरुण-तरुणींनी केले. त्यांना थोडक्यात शिकवून मोजणीच्या कामावर नेमले होते. ठरलेल्या दिवशी जमीनमालक, त्याचे शेजारी आणि गावचे प्रमुख शेतावर जमत. सगळे बांधावरून चालत. हद्द सर्वांना मान्य झाली की कार्यकर्ता छायाचित्रावर पेनाने रेघ ओढी, तुकड्याला क्रमांक देई आणि मालकाच्या हाती पावती ठेवी. वाद असेल तर वाद म्हणूनच लिहून घेई. नंतर नावांची यादी गावात लोकांसमोर ठेवली जाई. हरकती आल्या की दुरुस्त्या होत. शेवटी ते कागद एकत्र करून रेघा संगणकात उतरवल्या जात. प्रांत, जिल्हा, तालुकावजा विभाग, गावांचा गट आणि तुकडा असा प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक तयार होई. तुकड्यामागे खर्च आला सहा-सात डॉलर.

या पद्धतीत संगणक सर्वांत शेवटी येतो. आधी शेजाऱ्यांची संमती, मग रेघ, मग नोंद. यंत्राने हद्द ठरवली नाही. माणसांनी ठरवलेली हद्द जपली, इतकेच. काही मीटरची चूक चालेल, पण शेजाऱ्यांत एकमत हवे, हा निर्णय घेणाऱ्यांनी आपल्या समाजाची गरज नेमकी ओळखली होती. जगभरातल्या भूमापकांना हे सहज पटण्यासारखे नव्हते.

बायकांच्या दृष्टीने फरक मोठा पडला. 1999 च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला होता, पण कागदावर नाव येईपर्यंत त्याला वजन नव्हते. आता निम्म्याहून अधिक तुकडे नवरा-बायको दोघांच्या नावावर लागले. मात्र पहिल्या प्रयोगात एक गोष्ट उघडी पडली. लग्नाची सरकारी नोंद नसलेल्या बायका मागे पडत होत्या, आणि अशा बायका तिथे थोड्या नाहीत. हे लक्षात आल्यावर देशभर काम सुरू करताना अर्जाचा नमुना बदलला. तरी नोंद नसलेल्या लग्नातल्या बाईचा हक्क आजही कच्चाच आहे. प्रयोगाच्या गावांचा अभ्यास झाला, त्यात आणखी एक गोष्ट दिसली. नोंद झालेल्या कुटुंबांत ताली घालणे, माती अडवणे ही कामे करण्याचे प्रमाण दुपटीवर गेले, आणि बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत ते अधिक वाढले. उतारावरच्या शेतीत माती टिकणे म्हणजे पोट टिकणे.

पहिली नोंद करणे सोपे नव्हतेच, पण ती ताजी ठेवणे त्याहून अवघड निघाले. पहिल्या दाखल्याची फी होती फक्त 1,000 रवांडी फ्रँक. पुढे विक्रीचा फेरफार करायचा तर तुकडा केवढाही असो, 30,000 फ्रँक भरावे लागत. ही शेतमजुराची महिन्याहून जास्त मजुरी. साहजिकच गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार घरीच चिठ्ठीवर होऊ लागले. त्यात 2013 च्या कायद्याने शेतजमिनीचे एक हेक्टरखाली तुकडे पाडायला बंदी घातली. एवढी जमीनच नसलेल्या भावांनी वाटणी केली तरी ती नोंदणार कुठे? शेतावर मुले राबत आणि संगणकात वडिलांचेच नाव राही. ज्यांनी एवढे शहाणपणाने काम उभे केले त्यांच्याच सरकारने हे नियम करावेत, याचे मला वाईट वाटते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कोणती जमीन कोणाची हे सरकारला एका क्षणात दिसते, तेव्हा शेतकऱ्याला संरक्षण मिळते आणि सरकारचा हातही लांब होतो. कोणत्या भागात कोणते पीक घ्यायचे, हे रवांडाचे सरकार बरेचसे ठरवते. राजधानी किगालीत वस्त्या हटवण्यावरून मालक आणि प्रशासन यांच्यात कडवे खटले झाले आहेत. पण दाखला हाती असलेला माणूस निदान न्यायालयात उभा राहून भरपाईवर बोट ठेवू शकतो.

जानेवारी 2023 पासून कागदी दाखले बंद झाले. आता दाखला इरेम्बो या सरकारी सेवांच्या संकेतस्थळावरून मिळतो. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही तो गावातल्या सेवाकेंद्रात जातो. जमीन घेणाऱ्याला तुकड्याचा क्रमांक टाकून मालक कोण, बोजा आहे का, हे पैसे देण्याआधी पाहता येते. तिथे दिसणारे नाव खरेच शेतावर राबणाऱ्याचे आहे का, हे मात्र अजूनही बांधावर जाऊनच विचारावे लागते.